डेटाबेस वेगळे, तरी लॉगिनची सरमिसळ का?

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या सर्व्हरवर ग्रंथालय आणि प्रवेश अशी दोन पीएचपी (संकेतस्थळे चालवणारी प्रोग्रामिंग भाषा) अ‍ॅप्लिकेशन्स एकाच डोमेनखाली दोन फोल्डरमध्ये चालतात. एकातून लॉगआउट केले की दुसऱ्यातूनही बाहेर फेकले जाते. ग्रंथालयात लॉगिन केलेला एक सभासद तर प्रवेशाच्या पानावर भलत्याच विद्यार्थ्याच्या नावाने दिसला. दोन्हींचे डेटाबेस वेगळे असताना असे का होते?

उत्तर : डेटाबेस वेगळे असले, तरी पीएचपीचे सेशन, म्हणजे कोण लॉगिन आहे याची तात्पुरती नोंद, मुळात डेटाबेसमध्ये नसते, वेगळी सोय केली नसेल, तर ते सर्व्हरवरील एका फाइलमध्ये राहते आणि त्या फाइलचा क्रमांक कुकीच्या, म्हणजे ब्राउझर जपून ठेवतो व प्रत्येक वेळी सर्व्हरला परत पाठवतो अशा छोट्या नोंदीच्या, रूपाने ब्राउझरकडे असतो. या कुकीचे ठरीव नाव 'पीएचपीसेसआयडी' असते आणि ती संपूर्ण डोमेनला लागू होते. त्यामुळे तुमची दोन्ही अ‍ॅप्लिकेशन्स नकळत एकच फाइल वापरत असणार. ग्रंथालयाने त्या फाइलमध्ये सभासद क्रमांक 17 लिहिला आणि प्रवेशाचा प्रोग्रामही त्याच नावाचे मूल्य तपासत असला, तर तो आपल्या यादीतला सतरावा विद्यार्थी समोर आणतो. लॉगआउटचा त्रास किरकोळ आहे. हा प्रकार मात्र गंभीर आहे.

पहिला उपाय म्हणजे सेशन सुरू करण्यापूर्वी प्रत्येक अ‍ॅप्लिकेशनमध्ये कुकीला वेगळे नाव देणे. अनेक जण इथेच थांबतात. परंतु फाइली एकाच फोल्डरमध्ये राहिल्या, तर एखादा चलाख विद्यार्थी आपल्या ग्रंथालयाच्या कुकीचा क्रमांक प्रवेशाच्या कुकीत हाताने भरून तेच सेशन तिथे उघडू शकतो. म्हणून सेशनच्या फाइली कुठे ठेवायच्या हे सांगणारी 'सेव्ह पाथ' ही सेटिंग बदलून फाइलींची जागाही वेगळी करावी आणि शक्य असल्यास प्रत्येक अ‍ॅप्लिकेशनला स्वतंत्र एफपीएम पूल (पीएचपी चालवणाऱ्या प्रक्रियांचा वेगळा गट) व स्वतंत्र लिनक्स युजर द्यावा, म्हणजे एकाला दुसऱ्याच्या फाइली वाचताच येणार नाहीत.

जागा वेगळी करण्याचे आणखी एक कारण आहे. सेशनची ठरीव मुदत 1440 सेकंद, म्हणजे 24 मिनिटे असते. ग्रंथालयाने ती आठ तासांची केली, पण सामायिक फोल्डरमध्ये प्रवेशाची मुदत तशीच राहिली, तर मुदत संपलेल्या फाइली काढणारी प्रवेशाची साफसफाई ग्रंथालयाच्या फाइलीही पुसून टाकते. मात्र डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर ही सफाई पीएचपी स्वतः न करता वेळापत्रकाने चालणारी वेगळी स्क्रिप्ट करते. पूलमध्ये दिलेली नवी जागा तिच्या नजरेत येत नाही, तेव्हा पीएचपीने स्वतः सफाई करण्याची शक्यता ठरवणारी 'जीसी प्रोबॅबिलिटी' ही सेटिंग शून्यावरून 1 करावी, नाहीतर जुन्या फाइली साचत राहतील.

कुकीला फोल्डरपुरता मार्ग देण्याचा सल्लाही तुम्हाला कोणी देईल. त्याने गोंधळ कमी होतो, पण संरक्षण मिळत नाही, असे कुकींविषयीच्या 2011 च्या आरएफसी 6265 या इंटरनेट मानकातच नमूद आहे. पोर्ट (पत्त्यापुढचा, सर्व्हरवरील सेवा ओळखणारा क्रमांक) वेगळे केल्यानेही कुकी वेगळ्या होत नाहीत. एकाच पत्त्यावर 8080 आणि 8081 या पोर्टांवर दोन टॉमकॅट (जावा अ‍ॅप्लिकेशन्सचा सर्व्हर) चालवणाऱ्यांना हाच अनुभव येतो. माझ्या मते दोन्ही अ‍ॅप्लिकेशन्सना स्वतंत्र सबडोमेन (मुख्य डोमेनखालचा वेगळा पत्ता) द्यावे आणि कुकीत डोमेन मुळीच लिहू नये. तसे केल्यास ब्राउझर ती कुकी त्याच पत्त्यापुरती ठेवतो.

कुकीचे नाव बदलताच सर्वांना पुन्हा लॉगिन करावे लागेल, त्यामुळे हा बदल प्रवेश अर्जाच्या अंतिम मुदतीच्या दिवशी करू नये.