ई-चलानची लिंक आली आहे, खरी की खोटी कसं ओळखायचं?

पत्त्याचा शेवट बघा. सुरुवातीचं एचटीटीपीएस सोडून, पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी जे असतं ती खरी ओळख. सरकारी ई-चलानचा पत्ता तिथे 'डॉट जीओव्ही डॉट इन'वर संपतो. सुरुवातीला 'परिवहन' लिहिलंय आणि शेवटी 'डॉट टॉप' किंवा 'डॉट एक्सवायझेड' असेल तर साइट बनावट, मग वर अशोकस्तंभ का असेना. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हावर जाऊ नका, ते भामट्यांनाही फुकट मिळतं. व्हॉट्सॲपवर चलान म्हणून एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) आली असेल तर कृपा करून उघडूच नका. असली ॲप्स तुमचे ओटीपी वाचतात. दंड खरंच आहे का, ते सरकारी साइटचा पत्ता स्वतः टाइप करून तपासा. पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन लावा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगायच्या आत अडवता येऊ शकते.