पट्ट्यावर ८८ दिसलं, बाळ ठीक असेल ना?

प्रश्न : डॉक्टरताई, मला ३१वा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळ, राहायला वाकडला. नवऱ्याने ऑनलाइन एक पट्टा मागवलाय, पोटाला बांधला की मोबाईलवर बाळाचे ठोके दिसतात. परवा रात्री दोनला त्यावर ८८ आले, आम्ही घाबरून तसेच दवाखान्यात गेलो, तिथे एनएसटी (बाळाच्या ठोक्यांची रेघ काढायची तपासणी) काढली तर १४२, सगळं नॉर्मल. आता सासूबाई म्हणतात ते यंत्र माळ्यावर टाक, नवरा म्हणतो राहू दे, रोज बघून बरं वाटतं. काय करू?

उत्तर : अगं, गेलात ते फार चांगलं केलंत, कुणी उगाच धावलात म्हणालं तर मनावर घेऊ नकोस. ते ८८ बहुतेक तुझेच ठोके. बाळाचे मिनिटाला साधारण ११० ते १६० असतात, आपले ६० ते १००, आणि बाळ जरा फिरलं किंवा पट्टा सरकला की यंत्र आईचे ठोके पकडतं. काही पट्टे ईसीजीसारखे पोटावरून सिग्नल घेतात, त्यांची तर नेमकी २८ ते ३२ आठवड्यांत अडचण होते कारण तेव्हा बाळाच्या अंगावरचा तो पांढरा लोण्यासारखा थर सिग्नल अडवतो.

पण खरं सांगू, मला ८८ची भीती नाही वाटत, १४०ची वाटते. बाळ दिवसभर कमी हललेलं असतं, बाई पट्टा लावते, आकडा छान दिसतो आणि सकाळी बघू म्हणून ती झोपते. नुसत्या ठोक्यांवरून बाळाला त्रास होतोय का ते नाही कळत गं. एनएसटीत आम्ही निदान २० मिनिटं रेघ बघतो, बाळ हललं की ठोके वाढतात का ते बघतो. अमेरिकेत एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, २०२० मध्ये असाच एक घरी लावायचा पट्टा मंजूर केला, पण तो डॉक्टरने लिहून दिल्यावर आणि रिपोर्ट डॉक्टरने बघायचा. ऑनलाइन मागवलेल्या पट्ट्याचा आकडा तुम्ही दोघंच रात्री दोनला बघत बसता.

तू असं कर, जेवण झालं की डाव्या कुशीवर पड, हात पोटावर, मोबाईल लांब, आणि हालचाली मोज. दोन तासांत १० झाल्या की बस, बऱ्याचदा अर्ध्या तासातच होतात. बाळ एका वेळी २०-४० मिनिटं झोपतं, तेवढं थांब. पुढे नववा लागला की बायका सांगतील जागा कमी पडते म्हणून हलत नाही, ते अजिबात ऐकायचं नाही, हालचाल शेवटपर्यंत जाणवायला हवी. वार (प्लॅसेंटा) पुढच्या बाजूला असेल तर लाथा दबक्या लागतात, सोनोग्राफीच्या रिपोर्टवर लिहिलेलं असतं बघ, पण नेहमीपेक्षा कमी वाटल्या तर ते कारण धरून बसू नकोस.

कमी वाटलं की पट्टा न लावता निघायचं. संध्याकाळी हिंजवडीची गर्दी सुटलेली असली तरी, गाडी नसेल तर १०८ला फोन करून. फाइल दाराजवळच्या पिशवीत ठेव, नवऱ्याला कुठे आहे ते आजच दाखव.