मुरगाव बंदर, क्रूझ आणि घाटाचा हिशोब

क्रूझचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. या दिवसांत बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यातून गोव्याच्या मुरगाव बंदराबद्दल जे प्रश्न येतात, त्यातले बरेचसे शेवटी वेळेवरच येऊन थांबतात. त्यातले काही इथे घेतले आहेत.

शहापूर, बेळगाव: आमची क्रूझ मुरगावहून दुपारी चारला मुंबईसाठी सुटते. त्याच दिवशी सकाळी चोर्ला घाटाने गाडी काढली तर चालेल, की आदल्या दिवशीच जावं?

चालेल, पण हिशोब घराकडून जहाजाकडे न करता जहाजाकडून घराकडे करा. चार ही जहाज हलायची वेळ. चेक-इन बहुतेक कंपन्या त्याच्या दीड-दोन तास आधी बंद करतात आणि तिकिटावर ‘रिपोर्टिंग’ची वेळ वेगळी छापलेली असते. म्हणजे दोनला दार बंद झालं असं समजा. सामानाची तपासणी, ओळखपत्र, रांग यांना एक तास. म्हणजे एकला तुम्ही बंदराच्या गेटवर हवेत. बेळगाव, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी, साखळी, पणजी, कुठ्ठाळी, वास्को हा रस्ता दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. घाट, चहा आणि पणजीची गर्दी धरून चार ते साडेचार तास. त्यावर दीड तास राखीव ठेवा आणि सकाळी सातला घर सोडा.

दीड तास जास्त वाटेल. घाटाच्या वळणावर एक ट्रक आडवा झाला की हा राखीव वेळ तिथेच संपतो. चोर्ला बंद असेल तर खानापूर, रामनगर, अनमोड, मोले, फोंडा असा रस्ता आहे आणि त्याने पणजी टळते. मात्र कणकुंबीपर्यंत जाऊन मागे फिरायची वेळ आली तर जहाज गेलंच. घाटाची चौकशी आदल्या रात्री करा.

बरोबर म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील तर आदल्या दिवशी जाणंच बरं. राहायचं ते वास्कोत किंवा बोगमाळोला. गोवा म्हणजे कळंगुट या हिशोबाने उत्तरेकडे खोली घेतली, तर सकाळी पुन्हा पणजी ओलांडून यावं लागतं.

रेल्वेही आहे. निजामुद्दीन–वास्को गोवा एक्सप्रेस बेळगावहून रात्री उशिरा निघून सकाळी वास्कोला पोचते. मध्यरात्रीच्या आसपासची गाडी असली की तारखेचा घोळ होतो: बारा वाजून गेल्यावर स्टेशनवर येणाऱ्या गाडीचं तिकीट दुसऱ्या दिवसाच्या तारखेचं लागतं. दुसरा घोळ नावाचा. मुरगाव वेगळं, मडगाव वेगळं. तिकीट काढताना ‘एमएओ’ हा कोड मुरगावचा वाटतो, पण तो मडगावचा आहे; वास्कोचा कोड ‘व्हीएसजी’. मडगावला उतरलात तर अजून तीसेक किलोमीटर उरतात.

खानापूर: बहीण आणि मेहुणे मुंबईहून क्रूझने येणार आहेत. जहाज एक दिवस मुरगावला थांबतं. आम्ही त्यांना भेटायला धक्क्यापर्यंत जाऊ शकतो का? जहाज आतून बघायला मिळेल का?

दोन्ही नाही. मुरगाव हे चालू मालवाहू बंदर आहे, कोळसा आणि खनिज हाताळणारं. आत सुरक्षा दलाचा पहारा असतो आणि परवान्याशिवाय प्रवेश नाही. प्रवाशांनाही धक्क्यापासून गेटपर्यंत चालत सोडत नाहीत, बसने आणतात. गेटवर ओळख सांगून, विनंती करून काही होत नाही. त्यात अर्धा तास घालवू नका.

भेट वास्को शहरात ठरवा. रेल्वे स्टेशन आणि बसस्थानकाचा परिसर सगळ्यांना सापडतो आणि बंदरापासून गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर आहे. बहिणीला दोन गोष्टी आधी सांगून ठेवा. उतरताना जहाजाचं कार्ड आणि मूळ ओळखपत्र दोन्ही जवळ ठेवायचं, कारण परत जाताना दोन्ही मागतात. आधारचा मोबाइलमधला फोटो पुरेल असं धरू नये. आणि जहाज धक्क्याला लागल्याबरोबर उतरता येत नाही. परवानगी, मग रांग, मग बस, यात तास-दीड तास सहज जातो. जहाज आठला लागणार असेल तर भेट साडेनऊच्या आधी ठरवू नका. कुंद्याचा डबा जरूर न्या, पण तो वास्कोतच संपवा. घरचं खाणं जहाजावर बहुतेक कंपन्या नेऊ देत नाहीत.

निपाणी: जहाज सकाळी येऊन संध्याकाळी सुटतं. आई-वडील सत्तरीचे आहेत. एका दिवसात गोव्यातलं काय बघून होईल?

‘एक दिवस’ म्हणजे हातात खरे सहा तास. शेवटची चढायची वेळ सुटण्याच्या निदान अर्धा ते एक तास आधी असते. तुम्ही त्याच्याही एक तास आधी गेटवर असा. उशीर झाला म्हणून जहाज थांबत नाही. फक्त कंपनीच्या स्वतःच्या सहलीची बस अडकली, तरच वाट पाहिली जाते.

सहा तासांत एकच दिशा धरा. ओल्ड गोवा आणि मंगेशी हे सत्तरीच्या माणसांना झेपणारं जोडकाम आहे. वास्कोहून ओल्ड गोवा तासाभरावर. जुवारीवरचा नवा पूल झाल्यापासून कुठ्ठाळीची जुनी कोंडी बरीच सुटली आहे. बॉम जीझस बॅसिलिका 1605 मधली; सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष तिथेच. समोर रस्ता ओलांडला की से कॅथेड्रल. दोन्हींना मिळून दीड तास पुष्कळ झाला. तिथून मंगेशी अर्ध्या तासाच्या आत. दर्शन घेऊन तिथेच जेवा आणि परत फिरा.

चालकाला पत्ता सांगताना जपा. ‘गोवा वेल्हा’ हे पणजी–आगशी रस्त्यावरचं वेगळं गाव आहे. ‘ओल्ड गोवा’ किंवा ‘जुने गोवे’ म्हणा, नाहीतर नकाशात चुकीचं नाव टाकून भलत्याच गावात उतराल. रविवारी सकाळी बॅसिलिकेत प्रार्थना असते, पर्यटकांना उशिरा सोडतात. रविवारची क्रूझ असेल तर मंगेशी आधी करा. ओल्ड गोव्याचं पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. देवळात आणि चर्चमध्ये खांदे व गुडघे झाकलेले हवेत, त्यामुळे वडील बर्मुड्यात निघाले असतील तर पिशवीत एक लुंगी असू द्या.

आईंचे गुडघे दुखत असतील तर इतकंही नको. बोगमाळोला नौदलाचं विमान संग्रहालय आहे, सोमवारी बंद. मोकळ्यावर उभी जुनी विमानं नातवंडांनाही आवडतात. शेजारीच बोगमाळोचा किनारा. बंदरापासून हे सगळं अर्ध्या-पाऊण तासावर. जवळ राहून निवांत दिवस काढणं हा गौण पर्याय नाही; गाडीत चार तास बसण्यापेक्षा तो कित्येकांना चांगलाच ठरतो.

टॅक्सी बंदराच्या ठरावीक काउंटरवरूनच घ्या. भाडं ठरवताना नुसते किलोमीटर ठरवू नका. किती तास, किती ठिकाणी थांबणार, थांबण्याचे वेगळे पैसे आहेत का, परत गेटवर कधी सोडायचं, हे चारही ठरवून मग बसा. ओला-उबरच्या भरवशावर उतरू नका. गोव्यात बेळगावसारखी ती सवय चालत नाही.

चिकोडी: एप्रिलमध्ये जाणार आहोत. ऊन कितपत असतं? समुद्रात उतरणं सुरक्षित आहे का?

पारा फसवतो. वास्कोत एप्रिलला बत्तीस-तेहतीस अंश असतात आणि चिकोडीत अडतीस, म्हणून वाटतं तिथे सोपं जाईल. पण आपल्याकडचं ऊन कोरडं, घाम आला की सुकतो. किनाऱ्यावरच्या दमट हवेत तो सुकतच नाही, अंग थंड होत नाही आणि दोन तासांत माणूस गळतो. जहाजाच्या डेकवर उलट प्रकार: वारा इतका असतो की भाजल्याचं कळत नाही, संध्याकाळी खांदे लाल होतात.

सनस्क्रीन एसपीएफ 30 किंवा वरचं, उन्हात जायच्या वीसेक मिनिटं आधी. चेहरा-मानेला दोन बोटांच्या लांबीइतकं, सगळ्या उघड्या अंगाला मोठ्या माणसाला सुमारे 30 मिलिलिटर. बहुतेक जण याच्या चौथाई लावतात आणि मग ‘काही उपयोग नाही’ म्हणतात. दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा लावा. ओआरएसचं मोठं पाकीट एका लिटर पाण्यातच पूर्ण विरघळवायचं. अर्धं पाकीट एका ग्लासात टाकू नका, क्षार जास्त होतात.

समुद्राचं म्हणाल तर, जीवरक्षक असलेल्या किनाऱ्यावर, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यात आणि कंबरेपर्यंतच. नुसता लाल झेंडा असेल तर पाय भिजवण्यापलीकडे काही नको. जीवरक्षक संध्याकाळी जातात, समुद्र तिथेच राहतो. बुडण्याचे कितीतरी प्रकार त्यानंतरचे. मलप्रभेत पोहता येतं म्हणून समुद्रात येतं असं नाही. नदीची ओढ एका दिशेने असते, इथे परतीचं पाणी अरुंद पट्ट्यातून आत खेचतं. त्यात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, दमाल. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याच्या बाहेर या, मग वळा. पोहता येत नसेल तर तरंगत राहा आणि हात वर करा. पोटात दारू असेल तर यातलं काहीच सुचत नाही.

तिलकवाडी: मला एसटीतसुद्धा घाटात गाडी लागते. जहाजात काय होईल?

हिवाळ्यात, डिसेंबर ते मार्च, अरबी समुद्र बराच शांत असतो आणि मोठं जहाज हलतं ते हळूहळू. चोर्ल्याच्या वळणांपेक्षा ते सुसह्य. तरीही केबिन घेताना खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्यावर घ्या. टोकाला आणि वरच्या मजल्यावर हेलकावा जास्त. गोळी मळमळ सुरू झाल्यावर नव्हे, अर्धा-एक तास आधी घ्यायची. ॲव्होमिनसारख्या गोळ्यांनी झोप येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आलेपाकाच्या वड्या बरोबर घ्या. पोट रिकामं ठेवू नका, मोबाइलकडे बघू नका, बाहेर येऊन क्षितिजावर नजर ठेवा.

मोबाइलवरून आठवलं: बंदर सोडल्यावर थोड्याच वेळात रेंज जाते. त्यानंतर फोन जहाजाचं उपग्रह नेटवर्क पकडतो आणि बिल भयंकर येतं. विमान मोड लावून टाका. यूपीआयवर विसंबू नका, कार्ड आणि रोख दोन्ही असू द्या. इस्त्री, पाण्याची विजेची किटली, एक्स्टेन्शन बोर्ड घरीच ठेवा, आगीच्या भीतीने काढून घेतात. आणि चढल्यावर सुरक्षा कवायतीची घोषणा झाली की जायचंच. 1 जानेवारी 2015 पासून ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्यावर लगेच घेणं आंतरराष्ट्रीय नियमाने सक्तीचं आहे.

संकेश्वर: आम्ही चौदा जण क्रूझर गाडीने जाऊन बंदर, किनारा सगळं बघून येणार. गॅस-भांडी बरोबर घेतली तर स्वस्त पडेल ना?

पडणार नाही. गोव्यात किनाऱ्यावर आणि रस्त्याकडेला उघड्यावर स्वयंपाक करायला बंदी आहे. दंड होतो आणि शेगडी-भांडी जप्तही करू शकतात. घरून दशम्या, चटणी, दही-भात नेऊन खायला कुणाची हरकत नाही, फक्त कचरा परत आणा. भाड्याची गाडी पिवळ्या पाटीची आणि गोव्याच्या परवान्यासह हवी. ओळखीच्याची पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने नेलीत तर वाटेत अडकाल. गोव्यात स्वतः चालवायला गाडी घ्याल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं बघूनच घ्या.

लोंढा: पुण्याहून येणारे पाहुणे विमानाने येऊन क्रूझ धरणार आहेत. कुठला विमानतळ?

दाबोळी, कोड ‘जीओआय’. तिथून वास्को दहा-पंधरा मिनिटं. गोव्याचा दुसरा विमानतळ मोपा, कोड ‘जीओएक्स’, तो पेडण्यात, म्हणजे राज्याच्या दुसऱ्या टोकाला. तिथून बंदरापर्यंत दोन तास धरा. दोन्हींच्या तिकिटावर ‘गोवा’च लिहिलेलं असतं.

अनगोळ: परत येताना चार बाटल्या आणल्या तर?

कर्नाटकाचा कर न भरलेली गोव्याची बाटली जवळ बाळगणं हा इथे गुन्हा आहे. कणकुंबी आणि अनमोड दोन्हीकडे तपासणी होते आणि गाडीही जप्त होऊ शकते. काजू आणा, बेबिंका आणा.