डिझेल गाडीचा डीपीएफ सारखा चोक होऊ नये म्हणून काय काळजी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की वापरलेली डिझेल गाडी घेतलीय, ऑफिस जेमतेम ६ किमीवर आहे, चार महिन्यांत डीपीएफचा (डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर, धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) पिवळा लाईट दोनदा लागला आणि आपोआप गेला, आणि मित्र म्हणतोय फिल्टर काढूनच टाक म्हणजे कटकट मिटेल.

मित्राचं आधी सांगते. प्लीज काढू नका. बऱ्याच देशांत तो काढणं बेकायदेशीर आहे आणि गाडी तपासणीत नापास होते हे तर आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो फिल्टर जी काजळी अडवतो ती इतकी बारीक असते की श्वासाबरोबर थेट फुफ्फुसात खोलवर जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. आपली कटकट मिटते पण तो धूर मागच्या टू-व्हीलरवाल्याच्या नाकात जातो, मला हे अजिबात पटत नाही. शिवाय काजळी जास्त होण्यामागे इंजिनमधे काही बिघाड असेल तर तो तसाच राहतो, फक्त तुम्हाला दिसायचा बंद होतो.

आता लाईट का लागतो ते बघू. डीपीएफ म्हणजे एक्झॉस्टच्या लाइनमधला सिरॅमिकचा जाड ठोकळा, आत मधमाशांच्या पोळ्यासारख्या बारीक नळ्या. एक नळी पुढून बंद तर शेजारची मागून बंद, त्यामुळे धुराला भिंतीतून झिरपूनच पलीकडे जावं लागतं, वायू निघून जातात आणि काजळी अडकून राहते. साठलेली काजळी गाडी दोन प्रकारे जाळते. लांब पल्ल्याला जात असाल तर एक्झॉस्ट तापलेलाच असतो, साधारण २५० ते ४०० डिग्रीला काजळी हळूहळू जळत राहते, तुम्हाला कळतही नाही. शहरात तेवढा ताव येतच नाही, मग काजळी ठराविक ग्रॅमच्या वर गेली की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंजेक्टरमधून जास्तीचं डिझेल उशिरा फवारतो आणि तापमान ६०० डिग्रीच्या आसपास नेऊन ती जाळतो. याला रीजनरेशन म्हणतात, बोलताना नुसतं रीजन. हे पूर्ण व्हायला साधारण १० ते २० मिनिटं सलग गाडी चालावी लागते.

तुमचा सगळा प्रवासच १५ मिनिटांचा, त्यातला अर्धा वेळ इंजिन गरम होण्यात जाणार, म्हणजे रीजन सुरू होतं न होतं तोच तुम्ही पार्किंगमधे पोचून गाडी बंद करता, संध्याकाळी परत तेच, दुसऱ्या दिवशी परत तेच. माझ्या अनुभवात फिल्टरची वाट लावणारी गोष्ट ही आहे, अर्धवट राहिलेली रीजन. एखाद वेळेला तुटलं तर काही बिघडत नाही, गाडी पुढच्या वेळी परत प्रयत्न करते, पण रोज रोज तुटलं की मग काजळी वाढतच जाते आणि शेवटी गाडी लिंप मोडमधे जाते, म्हणजे इंजिन वाचवायला स्वतःच ताकद कमी करते, पिकअप मरतो आणि वर्कशॉपला न्यावीच लागते.

मी हे माझ्या पहिल्या डिझेल गाडीवर शिकले. रोज ४ किमी जायचं, ४ किमी यायचं, लाईट लागायचा, जायचा, मी म्हणायचे बघू सर्व्हिसच्या वेळी. एका रविवारी सहज बॉनेट उघडून डिपस्टिक काढली, फडक्याने पुसली, परत घालून काढली तर ऑईल वरच्या खुणेच्याही बोटभर वर. पहिल्यांदा वाटलं सर्व्हिसला जास्त ओतलं असेल. पण दोन बोटांत चोळून बघितलं तर पातळ पाणी, आणि नाकाजवळ नेलं तर चक्क डिझेलचा वास. झालं काय होतं, रीजनसाठी उशिरा फवारलेलं डिझेल सगळंच जळत नाही, थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑईलमधे उतरतं, आणि माझी गाडी रोज रीजन सुरू करत होती आणि मी रोज तोडत होते. पातळ ऑईलवर टर्बोचे बेअरिंग झिजतात, आणि लेव्हल फारच वाढली तर इंजिन ते ऑईलच ओढून जाळायला लागू शकतं, मग चावी बंद केली तरी इंजिन थांबत नाही. तेव्हा ऑईल कमी झालंय का हे सगळेच बघतात, तुम्ही वाढलंय का हेही बघा, पंधरा दिवसांतून एकदा, गाडी सपाट जागेवर आणि इंजिन बंद करून थोडा वेळ गेल्यावर.

बहुतेक गाड्या रीजन चालू आहे असं डॅशबोर्डवर सांगत नाहीत, पण पाच-सहा गोष्टींवरून ओळखता येतं. सिग्नलला आयडलिंग नेहमीपेक्षा थोडं वर राहतं, स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणं) असेल तर ते काम करत नाही, मायलेजचा चालू आकडा अचानक पडतो, आवाज थोडा जड होतो, गरम वास येतो, आणि गाडी बंद केल्यावर रेडिएटरचा फॅन जोरात फिरत राहतो. फॅनचा आवाज ऐकलात तर समजा की बहुतेक तुम्ही आत्ताच एक रीजन तोडलीत. यातलं काही पोचायच्या आधी जाणवलं तर लगेच पार्क करू नका, अजून १०-१५ मिनिटांचा एक राउंड मारा, मोकळ्या रस्त्याला, एक गिअर खालचा ठेवून आरपीएम २०००च्या वर राहील असं. स्पीड किती यापेक्षा इंजिनवर सलग लोड असणं महत्त्वाचं. जागेवर उभी करून रेस करत बसण्याचा काही उपयोग नाही. आणि अशा वेळी वाळलेल्या गवतावर किंवा पाचोळ्यावर गाडी उभी करू नका, खाली खरंच आग लागण्याइतकं तापलेलं असतं.

याच्या जोडीला आठवड्यातून एकदा, अगदीच नाही जमलं तर पंधरा दिवसांनी, अर्धा तास गाडी हायवेला काढा. काही काम नसलं तरी काढा.

लाईट लागला तर त्याच दिवशी असा राउंड मारा, पुढच्या रविवारची वाट बघू नका. पण लाईट ब्लिंक होत असेल किंवा बरोबर चेक इंजिनचा लाईटही लागला असेल तर मात्र गाडी पळवायला जाऊ नका, सरळ वर्कशॉप. तिथे स्कॅनर लावून उभ्या गाडीत फोर्स्ड रीजन करता येते, पण तीही एका मर्यादेपर्यंतच, काजळी फार झाली की ईसीयू नकार देतो आणि ते बरोबरच आहे, एवढी काजळी एकदम पेटली तर सिरॅमिक तडकतं किंवा वितळतं. नेमका कुठला लाईट कशाचा हे तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधे असतं, ते एकदा वाचाच.

काही गोष्टी रीजन सुरूच होऊ देत नाहीत आणि लोक इथेच फसतात. टाकी रिझर्व्हला आली की बऱ्याच गाड्या रीजन करत नाहीत, त्यामुळे पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नका. इंजिनचा कुठलाही फॉल्ट उभा असेल तरी नाही, काही गाड्यांत ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करायला आतून तापवणारा) गेला असेल तरी नाही. आणि थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवून ठेवणारा व्हॉल्व्ह. हा उघडाच अडकला तर इंजिन कधी पूर्ण गरमच होत नाही, टेम्परेचरचा काटा मधल्या रेघेच्या खाली रेंगाळतो, गाडी बाकी उत्तम चालते म्हणून कुणाचं लक्ष जात नाही आणि फिल्टर मात्र भरत जातो. तुमचा काटा २० मिनिटं चालवूनही मधे येत नसेल तर आधी ते बघून घ्या.

ऑईलबद्दल जरा जास्त लिहिते कारण वापरलेल्या गाडीत हाच मोठा प्रश्न असतो. काजळी जळते, राख जळत नाही. इंजिन ऑईल थोडं थोडं जळतच असतं आणि त्यातल्या कॅल्शियम, झिंक वगैरेंची राख फिल्टरमधे बसते ती कायमची, कितीही हायवे मारा ती जात नाही, फिल्टर उतरवून साफ करून घेतला तरच निघते. म्हणून कमी राखेचं, ज्याला लो सॅप्स म्हणतात ते ऑईलच घालायचं. डब्याच्या मागे एसीईए (ऑईलचं युरोपियन मानक) सी२, सी३, सी५ असं काहीतरी लिहिलेलं असतं, तुमच्या मॅन्युअलमधे जो ग्रेड आहे तोच. सी३ मधे सल्फेटेड ॲश जास्तीत जास्त ०.८ टक्के असते, जुन्या ए३/बी४ मधे ती १.६ पर्यंत चालते, म्हणजे दुप्पट. नुसतं महागडं सिंथेटिक आहे म्हणून ते चालेल असं नाही. आधीच्या मालकाकडे सर्व्हिसची बिलं मागा आणि कुठलं ऑईल पडत होतं ते बघा.

आणि सगळं नीट करूनही लाईट येत राहिला तर फिल्टर बदलायची घाई करू नका. लीक होणारा इंजेक्टर, उघडा अडकलेला ईजीआर (थोडा धूर परत इंजिनमधे सोडणारा व्हॉल्व्ह), टर्बोचा फाटलेला होज, यांनी काजळी खूप वाढते आणि नवा फिल्टरही तसाच भरतो. माझ्या दुसऱ्या गाडीत तर फिल्टर चांगला होता. त्याच्या आधीचं आणि नंतरचं प्रेशर मोजणाऱ्या सेन्सरला दोन छोट्या रबरी नळ्या जातात, त्यातल्या एकीला क्लिपपाशी केसाएवढी चीर होती, नळी वाकवली तरच दिसायची. सेन्सरचं रीडिंग चुकायचं आणि गाडी बिचारी नको तेव्हा रीजन करायची. वर्कशॉपमधे नवा फिल्टर घाला म्हणून सांगितलं होतं, दुसऱ्या मेकॅनिकने नळी बदलून काम भागवलं.

डिझेलमधे टाकायच्या क्लीनरच्या बाटल्यांचं विचाराल तर काजळीला थोडी मदत होते, राखेला शून्य. काही डिझेल गाड्यांत वेगळं भरावं लागतं त्या ॲडब्लू द्रवाचा याच्याशी संबंध नाही, ते नायट्रोजन ऑक्साईडसाठी असतं आणि त्याची टाकी वेगळी असते, चुकूनही डिझेलच्या टाकीत ओतू नका.

तुमचं पुढचं पाऊल मी सांगेन ते हे, ब्लूटूथवाला छोटा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाईलवर दाखवणारा) घ्या आणि तुमच्या गाडीला चालणारं ॲप टाका. त्यात काजळी किती ग्रॅम आणि शेवटची रीजन होऊन किती किमी झाले हे बऱ्याच गाड्यांत दिसतं. सलग चार-पाच रीजनचं अंतर लिहून ठेवा. अंतर गाडीगाडीला वेगळं असतं पण ते दर वेळी कमी कमी होत चाललंय का ते बघायचं, होत असेल तर वरच्यापैकी काहीतरी बिघडलंय. आकडे आले की इथेच कमेंटमधे गाडीच्या मॉडेल आणि किमीसकट टाका, बघून सांगते.