पेलेट ग्रिलला बाहेरून धूर जोडताना

ग्रिल घेतलंत, छान केलंत. धूर कमी येतो म्हणून ते बिघडलंय असं समजू नका. पंख्याच्या हवेवर पेलेट, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या छोट्या कांड्या, स्वच्छ जळतात, त्यामुळे धूर कमीच होतो. आधी तापमान १०० ते ११० अंशांवर ठेवून बघा, बराच फरक पडेल. तरी आणखी धूर हवा असेल तर खुशाल स्मोक जनरेटर जोडा, म्हणजे बाहेर धूर तयार करून नळीने ग्रिलमध्ये सोडणारं उपकरण.

नवखे इथेच फसतात: दाट पांढरा धूर म्हणजे जास्त चव, असं त्यांना वाटतं. त्याने सुरमई कडू होते. जनरेटरला हवा देणारा एअर पंप मंद ठेवा, आणि विरळ, निळसर धूर दिसेपर्यंत मासा आत ठेवूच नका.

मुंबईच्या पावसाळ्यात पेलेट ओल धरतात. एखादा पेलेट बोटांनी मोडून बघा. कटकन तुटला तर चांगला. भुगा झाला तर टाकून द्या, नाहीतर पेलेट आगीकडे ढकलणारा फीडर अडकेल. साठा घट्ट झाकणाच्या डब्यातच हवा.

- जोडनळीत काळा चिकट थर साचतो, तो वेळच्या वेळी काढा.
- बाल्कनीत अजिबात नको, कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेततो. सोसायटीला विचारून उघड्या गच्चीवरच लावा.

लाकडांची मिश्रणं नंतर बघू. सध्या एकाच लाकडावर चिकन आणि पनीर करत राहा.