जुनी पिकअप जरूर घ्या. पण आधी त्या ‘एफडी’चे कागद कपाटातून काढा

नारायणगाव परिसरातील एका ३६ वर्षांच्या शेतकरी वाचकाचे पत्र आले आहे. त्यांना २०१७ सालची, एक लाख ऐंशी हजार किलोमीटर चाललेली बोलेरो पिकअप साडेचार लाखांना मिळते आहे. इंजिनाखाली ऑइलचे थेंब पडतात. विकणारा म्हणतो की जुन्या डिझेल गाडीला एवढे चालायचेच, गावातला मेकॅनिक म्हणतो की दोन हजारांचे पॅकिंग बदलले की संपले. वाचकांकडे बचत खात्यात तीन लाख आहेत, उरलेले दीड लाख पत्नीचे दागिने तारण ठेवून उभे करायचे आहेत. टोमॅटोच्या हंगामात वाशीच्या बाजारात फेऱ्या मारून गाडी स्वतःचे पैसे फेडेल, असा त्यांचा हिशेब आहे. त्यांचा प्रश्न एवढाच आहे की ऑइल गळणारी गाडी घ्यावी की नाही.

पत्राच्या शेवटी मात्र एक वाक्य आहे: ‘मार्चमध्ये बँकेतल्या एफडीचा तीन लाखांचा तिसरा हप्ता आहे, तो गाडीच्या कमाईतून निघेल, कारण पाच वर्षांत ती रक्कम दुप्पट होणार आहे.’

एफडीला दरवर्षी हप्ता नसतो. आपण मुदत ठेव म्हणून जे धरून बसला आहात, ती आयुर्विम्याची पॉलिसी आहे. सोबत पाठवलेल्या कागदावर विमा कंपनीचे नाव, विमा रक्कम ३० लाख, हप्ते भरण्याची मुदत १० वर्षे आणि पॉलिसीची मुदत १५ वर्षे असे स्वच्छ छापलेले आहे. रस्त्यासाठी गेलेल्या जमिनीचे १४ लाख मार्च २०२४ मध्ये खात्यात जमा झाले आणि त्याच महिन्यात शाखेतल्या अधिकाऱ्याने वहीच्या पानावर आकडे मांडून ही ‘दुप्पट होणारी एफडी’ आपल्या गळ्यात घातली. मोबदल्याचे पैसे ज्यांच्या खात्यात येतात त्यांच्याकडे मार्चअखेरीला असे अधिकारी का वळतात, हे उघड आहे. जमीन गेलेल्या माणसाशी हे केले जाते याचा मला मनापासून संताप येतो.

आता आकडे पाहू. पाच वर्षांत दुप्पट होण्यासाठी वर्षाला जवळजवळ १५ टक्के परतावा लागतो, आणि तेवढ्याची हमी कोणतीही बँक किंवा विमा कंपनी देत नाही. आपल्या कागदाप्रमाणे दहा वर्षे तीन-तीन लाख, म्हणजे एकूण ३० लाख भरायचे आणि पंधराव्या वर्षाअखेरीस ४७ लाख मिळायचे. वार्षिक हिशेबाने हा परतावा साडेचार टक्क्यांच्याही आत येतो. साध्या मुदत ठेवीपेक्षा कमी व्याज, पंधरा वर्षे अडकलेले पैसे आणि दरवर्षी तीन लाख उभे करण्याचे बंधन, असा हा व्यवहार आहे. ज्याचे उत्पन्न टोमॅटोच्या भावावर अवलंबून आहे, त्याला दहा वर्षांचा ठरावीक हप्ता विकणे ही चूक विकणाऱ्याची आहे, आणि आपण तिचे ओझे मनावर घेऊ नये.

सोडून द्यावी तर काय मिळेल? ऑक्टोबर २०२४ पूर्वीच्या अशा पॉलिसीत दोन हप्ते भरून झाल्यावर हमीचे सरेंडर मूल्य भरलेल्या रकमेच्या ३० टक्के असते. म्हणजे सहा लाखांचे एक लाख ऐंशी हजार. तिसऱ्या वर्षी ते ३५ टक्के होते आणि चौथ्या वर्षी ५० टक्के. एवढ्यावरून कोणीतरी आपल्याला सांगेल की आणखी दोन हप्ते भरा, मग निम्मे तरी हातात येतील. हे ऐकू नका. आणखी सहा लाख भरून सरेंडर मूल्य एक लाख ऐंशी हजारांवरून सहा लाखांवर जाते, म्हणजे नव्या सहा लाखांच्या बदल्यात सव्वाचार लाखही वाढत नाहीत.

मुदतीपर्यंत पॉलिसी चालू ठेवण्याचा पर्यायही प्रामाणिकपणे तपासला पाहिजे. बाकीचे गेलेले पैसे गेले असे धरून फक्त पुढचा विचार केला, तर आज सोडून मिळू शकणारे एक लाख ऐंशी हजार आणि वेळेवर भरलेले उरलेले आठही हप्ते, या पैशांवर सहा टक्क्यांच्या किंचित वर परतावा पडतो. नोकरदाराला मी कदाचित भरत राहा म्हटले असते. पण आपल्याला आठ वर्षांत २४ लाख भरायचे आहेत, आणि तिसराच हप्ता आपण अजून विकत न घेतलेल्या, ऑइल गळणाऱ्या गाडीच्या कमाईवर टाकला आहे. पाचव्या किंवा सहाव्या वर्षी भाव पडले आणि हप्ता चुकला, तर आजच्यापेक्षा मोठी रक्कम अडकलेली असेल.

म्हणून तिसरा हप्ता भरू नका. सरेंडरही लगेच करू नका. दोन वर्षांचे हप्ते पूर्ण भरलेली अशी पॉलिसी हप्ते थांबवल्यावर सहसा ‘पेड-अप’ होते, म्हणजे विमा रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात कमी होऊन पॉलिसी मुदतीपर्यंत तशीच चालू राहते. आपल्या बाबतीत दहापैकी दोन हप्ते भरलेले असल्याने ३० लाखांचा पाचवा भाग, म्हणजे सहा लाख, आणि जमा झालेली वाढ असल्यास तीही, मुदतीअखेर मिळेल. आज हातात येणारे एक लाख ऐंशी हजार १३ वर्षांत सहा लाख व्हायचे, तर वर्षाला साडेनऊ टक्क्यांहून अधिक व्याज लागेल. ते सुरक्षितपणे कुठेही मिळत नाही. सरेंडरपेक्षा पेड-अप बरे, हे यावरून दिसते. पॉलिसीच्या कागदात पेड-अपचे कलम शोधा आणि कंपनीकडून दोन्ही रकमा लेखी मागवा.

त्याआधी पूर्ण सहा लाख परत मागण्याचा प्रयत्न केलाच पाहिजे. पॉलिसी परत करण्याची सुरुवातीची मुदत केव्हाच उलटली आहे, परंतु खोटे सांगून विकल्याची तक्रार त्याने बाद होत नाही. अधिकाऱ्याने हाताने आकडे लिहून दिलेले ते वहीचे पान जपून ठेवा, कारण तो आपला सर्वांत भक्कम पुरावा आहे. पॉलिसी घेताना भरलेल्या प्रस्ताव अर्जाची प्रत मागवा आणि त्यात आपला व्यवसाय व वार्षिक उत्पन्न काय लिहिले आहे ते पाहा. तीन लाखांचा हप्ता परवडतो असे दाखवण्यासाठी उत्पन्न फुगवलेले आढळले, तर तसे तक्रारीत नमूद करा. पॉलिसी देण्यापूर्वी कंपनीचा फोन आला असेल आणि ‘सगळ्याला हो म्हणा’ असे शाखेतून सांगितले गेले असेल, तर तेही लिहा आणि त्या फोनचे रेकॉर्डिंग मागा. पहिली तक्रार विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करा आणि तिची प्रत बँकेच्या शाखेला द्या. कंपनीने तक्रार फेटाळली, किंवा एक महिना होऊनही उत्तर दिले नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतची तक्रार ऐकली जाते. अशा प्रकरणांत सगळे हप्ते परत मिळाल्याची उदाहरणे आहेत, मात्र ती हमी समजू नका. म्हणूनच पेड-अपची वाट मोकळी ठेवायची.

एक काम मात्र याच आठवड्यात करा. हप्ता खात्यातून आपोआप कापण्याची संमती बँकेला लेखी अर्ज देऊन रद्द करा आणि पोच घ्या. ज्या तीन लाखांवर आपण गाडी घ्यायला निघाला आहात, त्याच तीन लाखांवर मार्चमध्ये हा हप्ता हात घालणार आहे.

आता गाडी. आपला हिशेब असा आहे: फेरीचे भाडे साडेपाच हजार, डिझेल २,८००, उरले २,७००, महिन्याला २० फेऱ्या, म्हणजे ५४ हजार, वर्षाला साडेसहा लाख. डिझेलचा आकडा योग्य आहे, कारण माळशेजमार्गे वाशीला जाऊन-येऊन सुमारे ३४० किलोमीटर होतात आणि भरलेली पिकअप लिटरला अकराच्या आसपास चालते. पण हंगाम पाच महिन्यांचा असल्याचे आपणच लिहिले आहे. हंगामात १०० आणि उरलेल्या सात महिन्यांत कांदा-भाजीपाल्याच्या ४० फेऱ्या धरल्या, तरी १४० फेऱ्यांचे पावणेचार लाख होतात. त्यातून टोल, हमाली, जेवणखाण यांचे फेरीमागे ४०० प्रमाणे ५६ हजार काढा. साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीचा नुसता थर्ड पार्टी विम्याचा मूळ हप्ताच १६ हजार आहे. गाडीच्या नुकसानीचा विमा धरून २५ हजार समजा. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र लागते. ते, कर आणि इतर कागद मिळून १० हजार. वर्षाला ४८ हजार किलोमीटर म्हणजे जवळजवळ टायरचा एक संच, २५ हजार. ऑइल-फिल्टरचे पाच सर्व्हिसिंग, २५ हजार. क्लच, ब्रेक, पाटे यांचे ४० हजार. हातात दोन लाख उरतात, आणि त्यातही गाडीची किंमत दरवर्षी ५० हजारांनी उतरेल. १४० रात्री स्वतः गाडी चालवून दीड लाख, हा खरा आकडा आहे. स्वतःच्या मालाचे वाचलेले भाडे यात वरचे धरा. धंदा वाईट नाही, पण तो तीन लाखांचा हप्ता भरू शकत नाही.

ऑइल गळतीवरून गाडीची किंमत ठरवा. त्यासाठी आधी गळती कुठून होते हे शोधावे लागते, आणि खाली जिथे थेंब दिसतो तिथेच ती असते असे नाही, कारण ऑइल वरून खाली ओघळते आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे पसरते. विकणाऱ्याला सांगून इंजिन धुऊन पूर्ण कोरडे करून घ्या, संशयाच्या जागी टाल्कम पावडर मारा आणि वीस-पंचवीस किलोमीटर, शक्य असल्यास चढावर, गाडी चालवा. मग टॉर्चने सर्वांत वरची ओली जागा शोधा. टॅपेट कव्हरचे पॅकिंग, ऑइल फिल्टर, प्रेशर स्विच किंवा ड्रेन नटचा वॉशर असेल, तर मेकॅनिकचा दोन हजारांचा अंदाज मान्य. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून ओल येत असेल, तर मागचे क्रँक सील गेलेले असू शकते. सील स्वस्त असते, पण त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि उतरवलाच तर क्लच प्लेटही त्याच वेळी बदलणे शहाणपणाचे, म्हणून १५ हजार धरा.

सर्वांत महत्त्वाची तपासणी याहून सोपी आहे. इंजिन गरम असताना, गाडी जागेवर सुरू ठेवून ऑइल भरायचे झाकण उघडा. धुराचे जोरदार भपकारे येत असतील, तर त्याला गॅरेजवाले बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. रिंगा आणि लायनर झिजल्याने ज्वलनाचा दाब खाली इंजिनाच्या पोटात उतरतो आणि तो मिळेल त्या सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो. अशा इंजिनाचे एक पॅकिंग बदलले तर दुसरीकडून गळू लागते. इंजिनाच्या पोटातला दाब बाहेर सोडणारा ब्रीदर पाइप तुंबल्यानेही दाब साठतो, म्हणून आधी तो साफ करून पुन्हा पाहावे. तरीही भपकारे येत असतील, तर इंजिनाचे काम निघाले समजा आणि त्याचे ७० ते ९० हजार किमतीतून वजा करा. ही तपासणी विकणाऱ्याच्या ओळखीबाहेरच्या गॅरेजमध्ये, हजारभर रुपये देऊन करून घ्या.

माझे मत असे आहे. बॅक कॉम्प्रेशन नसेल तर चार लाखांपर्यंत गाडी घ्या. असेल तर सव्वातीन लाखांवर जाऊ नका, आणि विकणारा अडून बसला तर दुसरी गाडी शोधा, कारण या भागात जुन्या पिकअपला तोटा नाही. बचतीतले सव्वादोन लाख वापरा, ७५ हजार दुरुस्ती आणि अडीअडचणीसाठी खात्यातच ठेवा, आणि उरलेल्यासाठी दागिने तारण ठेवायला माझी हरकत नाही, कारण जुन्या मालवाहू गाडीच्या कर्जापेक्षा ते व्याज बहुधा कमी पडते. अट एकच: हे कर्ज हंगामाच्या कमाईतून दिवाळीपर्यंत पूर्ण फेडायचे. पैसे देण्यापूर्वी आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा आहे का आणि चलने थकली आहेत का हे पाहा. बोजा असेल तर कंपनीचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ (आरसीवरचा बोजा उतरवण्याचा अर्ज) हातात आल्याशिवाय व्यवहार पूर्ण करू नका. विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्याचा अर्ज द्या, नाही तर गाडीच्या नुकसानीचा दावा अडकेल.

पॉलिसी पेड-अप झाली की आपले ३० लाखांचे विमा संरक्षण सहा लाखांवर येईल, आणि नेमके त्याच वर्षी आपण रात्री माळशेज घाट उतरू लागाल. गाडीच्या विम्यासोबतचे मालक-चालकाचे १५ लाखांचे अपघाती संरक्षण फक्त अपघातापुरते असते. म्हणून तिसरा हप्ता थांबवण्यापूर्वीच ५० लाखांचा साधा टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, घ्या. आपल्या वयाला, तंबाखूचे व्यसन नसल्यास, तो वर्षाला १० हजारांच्या आसपास बसेल आणि सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. प्रस्ताव अर्जात रात्रीच्या मालवाहतुकीचा उल्लेख स्वतःहून करा, वारस म्हणून पत्नीचे नाव घाला, आणि हा विमा त्या शाखेतून घेऊ नका.