उपग्रह विझत नाही, त्याला ग्रहण लागतं

प्रश्न असा आहे: संध्याकाळी आकाशात संथ सरकणारा उपग्रह मध्येच दिसेनासा होतो, तेव्हा तो 'विझला' म्हणावं की 'मावळला'?

आधी एक. त्याला 'तुटता तारा' तरी म्हणू नका. सारखं कानावर येतं आणि दरवेळी चीड येते. तुटता तारा म्हणजे उल्का, 'तो बघ' म्हणेपर्यंत संपलेली. चार-पाच मिनिटं एका चालीनं आभाळ ओलांडणारं काही तुटलेलं कसं असेल?

आता 'उपग्रह'. ग्रह म्हणजे 'फिरणारा' असं छातीठोकपणे सांगणारे जाणकार भेटतात. भटक्या हा अर्थ ग्रीकांच्या 'प्लॅनेट'चा, तो आपल्या शब्दाच्या गळ्यात कशाला मारता? आपला धातू ग्रह्, म्हणजे धरणे, पकडणे. संग्रह, आग्रह, पाणिग्रहण, सगळीकडे मूठ आवळलेलीच आहे. 'उप म्हणजे दुय्यम, उपाध्यक्षासारखा' हेही मला मान्य नाही. कोशात राहू-केतूंसारखे गौण ग्रह असा अर्थ आहे खरा, आणि दुय्यमवाले तेवढीच ओळ दाखवतात. त्याच नोंदीत 'उपग्रह'चा आणखी एक अर्थ आहे: कैदी! तो का गाळता? उपस्थित, उपनयन यांत उप म्हणजे जवळ. माझ्या मते उपग्रह म्हणजे जवळ धरून ठेवलेला. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक ताशी सुमारे 28,000 किलोमीटर वेगानं धावतं, तरी सुटका नाही. दर दीड तासाला पृथ्वीभोवती एक फेरी ठरलेली.

आणि खरी गंमत पुढे आहे. उपग्रहाला स्वतःचा उजेड नसतो. आपल्याकडे सूर्य बुडाला तरी 400 किलोमीटर उंचीवर ऊन असतं, म्हणून स्थानक चमकतं. पृथ्वीच्या सावलीत शिरताना तो ठिपका जरा तांबूस होतो, मंदावतो आणि काही सेकंदांत नाहीसा होतो. हीच सावली चंद्रावर पडली की आपण चंद्रग्रहण म्हणतो, आणि चंद्रही उपग्रहच. चंद्राच्या ग्रहणासाठी महिनोन्महिने थांबावं लागतं, हे ग्रहण मात्र नुसत्या डोळ्यांनी कितीतरी संध्याकाळी दिसतं. म्हणून सरळ म्हणा, 'उपग्रहाला ग्रहण लागलं'. एकाच धातूचे दोन शब्द शेजारी शेजारी, आणि दोन्ही शब्दशः खरे!

'मावळला' म्हणायचं ते ठिपका दिसत दिसत क्षितिजाखाली गेला तरच.